आतल्यांची गाडी, बाहेरचा माणूस

गेल्या काही वर्षांत आपल्या रस्त्यांचे रूप पालटले आहे. बुटक्या, आटोपशीर मोटारी मागे पडल्या आणि उंच, रुंद, छाती काढून चालणाऱ्या गाड्या पुढे आल्या. त्यांना एसयूव्ही म्हणतात. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात सुमारे ४३ लाख प्रवासी मोटारी विकल्या गेल्या. त्यांतल्या जवळपास २८ लाख, म्हणजे शेकडा ६५, या 'युटिलिटी' वर्गातल्या होत्या आणि त्यांत मोठा भरणा एसयूव्हींचाच. शहरातला नोकरदार तिचा हप्ता भरतो आहे, गावातला ठेकेदार तिच्यातून उतरतो आहे आणि तालुक्याचा पुढारी तर तिच्याशिवाय दिसतच नाही.

मोटारगाड्यांची चर्चा या सदरात कशाला, असे कुणी विचारील. आमचे उत्तर साधे आहे. या गाड्या नाशिक, चाकण, पिंपरीच्या कारखान्यांत ज्यांच्या हातांनी जोडल्या जातात, त्या हातांत आपल्या समाजाचे हात आहेत. ज्या रस्त्यावरून त्या धावतात, त्याच रस्त्याच्या कडेने आपली माणसे पायी, सायकलवर, दुचाकीवर जातात. ज्यांच्याकडे गाडी नाही, त्यांनीच गाडीचा विचार जास्त केला पाहिजे, कारण गाडीचे परिणाम त्यांना चुकत नाहीत. म्हणून जुनी एसयूव्ही आणि नवी एसयूव्ही यांचा हिशेब एकदा मांडलाच पाहिजे. आणि तो कुठल्याही कंपनीच्या जाहिरातीतून नव्हे, आपल्या बाजूने मांडला पाहिजे.

या गाड्यांची आजी म्हणजे जीप. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी ती तयार झाली. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्राने मुंबईत विलीस जीपची जोडणी सुरू केली आणि ती आपल्या खेड्यापाड्यांत पोहोचली. पण कुणाची म्हणून? फौजदाराची, तहसीलदाराची, बीडीओची. वस्तीच्या तोंडाशी जीप थांबली की पोरे पळायची आणि बाया दार लावून घ्यायच्या. निवडणूक आली की तीच जीप भोंगा लावून मत मागायला यायची. जीप म्हणजे सरकार आणि सरकार म्हणजे भीती, असे ते समीकरण होते.

हे समीकरण मोडले ते पुढच्या पिढीने. बजाज टेम्पोची ट्रॅक्स, महिंद्राची कमांडर, १९९४ साली आलेली टाटा सुमो आणि २००० साली आलेली बोलेरो या गाड्या साहेबाच्या हातातून निघून लोकांच्या हातात आल्या. एसटी जिथे दिवसातून एकदा जायची, तिथे या गाड्या तासातासाला जाऊ लागल्या. कुठे त्यांना वडाप म्हणाले, कुठे काळी-पिवळी. मागच्या बाजूला समोरासमोर दोन बाक, वर टप, टपावर बोचकी, मागच्या पायरीवर लोंबकळणारे दोघे. कागदावर नऊ-दहांची परवानगी आणि आत पंधरा माणसे.

या गाडीला आम्ही सामाजिक अर्थाने महत्त्व देतो. भाडे दिले की जागा, एवढाच तिचा कायदा होता. गुडघ्याला गुडघा लावून बसावे लागे. कोण शेजारी बसणार, हे निवडण्याची सोय नव्हती. चैत्यभूमीला, दीक्षाभूमीला, १ जानेवारीला भीमा कोरेगावला, २० मार्चला महाडला जाणारी माणसे वर्गणी काढून अशाच गाड्या ठरवत. निळा झेंडा बॉनेटला बांधला, डब्यात भाकरी घेतली आणि गाडी निघाली. चळवळीच्या कितीतरी सभा या गाड्यांच्या बाकांवर बसूनच उभ्या राहिल्या. ज्या काळात कार्यकर्त्याकडे सायकलही नव्हती, त्या काळात या खटारा गाड्यांनी त्याला जिल्हा दाखवला.

पण म्हणून जुन्या गाडीच्या आठवणीने गळा काढण्याचे कारण नाही. आपण सत्य बोलणारी माणसे आहोत. त्या गाड्या धोकादायक होत्या. लोखंडी चासीवर वेगळी बॉडी ठेवलेली, मागे ट्रकसारखे पाटे, उंची जास्त आणि रुंदी कमी. वळणावर वेग जरा वाढला की गाडी कलंडायची. ब्रेक जोरात दाबला की चाके जाम होऊन घसरायची. मागच्या आडव्या बाकांवरच्या माणसाला धरायला एक दांडा, एवढेच संरक्षण. पट्टा नाही, एअरबॅगचा तर प्रश्नच नाही. चासी मजबूत म्हणून गाडी मजबूत आणि गाडी मजबूत म्हणून माणूस सुरक्षित, हा गैरसमज आजही अनेकांच्या डोक्यात आहे. प्रत्यक्षात टक्कर झाली की न वाकणारे लोखंड सगळा धक्का आतल्या माणसाकडे पाठवते. गाडी दुरुस्त होऊन परत यायची, माणूस यायचा नाही. शिवाय धूर. जुन्या डिझेल इंजिनाचा काळा धूर काचा लावून बसलेल्या साहेबाच्या छातीत गेला नाही. तो रस्त्याकडेच्या भाजीवालीच्या, सफाई कामगाराच्या, चौकातल्या नाक्यावर कामाची वाट पाहणाऱ्या मजुराच्या छातीत गेला.

याची जाहीर परीक्षा २०१६ साली झाली. ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या काही मोटारी ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळून पाहिल्या. त्यांत २००२ पासून रुबाबात फिरणाऱ्या स्कॉर्पिओचे एअरबॅग नसलेले मॉडेल होते. त्याला मिळाले शून्य तारे. ज्या गाडीकडे बघून लोक रस्ता सोडत, ती गाडी आतल्या माणसालाही वाचवू शकत नव्हती.

आता नवी पिढी पाहा. डिसेंबर २०१८ मध्ये टाटाच्या नेक्सॉनला त्याच परीक्षेत पाच तारे मिळाले. भारतात तयार झालेल्या गाडीला पाच तारे मिळण्याची ती पहिलीच वेळ. २०२१ मध्ये एक्सयूव्ही ७०० ला आणि २०२२ च्या डिसेंबरात नव्या स्कॉर्पिओ-एनलाही पाच तारे मिळाले. म्हणजे स्कॉर्पिओ हे नाव सहा वर्षांत शून्यावरून पाचावर गेले. फरक कशात झाला? बहुतेक नव्या गाड्यांत चासी आणि बॉडी वेगळी राहिली नाही, दोन्ही मिळून एकच सांगाडा झाला. ज्यांत चासी आहे, त्यांचाही पुढचा भाग आता ठरवून चुरगळेल असा केलेला असतो, म्हणजे धक्का तिथेच जिरतो. चाके जाम होऊ न देणारे ब्रेक आले. घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा आली. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे निकष लागू झाले आणि मोटारीतल्या डिझेल इंजिनाने बाहेर टाकायच्या नायट्रोजन ऑक्साईडची मर्यादा सुमारे दोन तृतीयांशाने खाली आली. काजळी पकडणारी गाळणी धुराड्यात बसली. विज्ञानाने माणसाचा जीव वाचत असेल तर त्या विज्ञानाचे स्वागतच केले पाहिजे.

मात्र 'नवी' या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. बोलेरो निओ ही दिसायला नवी गाडी. एप्रिल २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपने तिला एकच तारा दिला. आणि पाच तारेही पट्ट्याशिवाय फुकट आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला तो परदेशी कंपनीच्या महागड्या एसयूव्हीत. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. पैसा गाडी देतो. शिस्त आपली आपण आणावी लागते.

आता आमचा मुख्य मुद्दा. ही सुरक्षितता कशी आली आणि कुणाला मिळाली?

कंपन्यांना एअरबॅग बनवता येत नव्हती असे नाही. त्याच कंपन्या परदेशात पाठवायच्या गाड्यांत ती बसवत होत्या. इथे मात्र एकाच गाडीच्या पायऱ्या पाडलेल्या होत्या. वरच्या पायरीवरच्या 'टॉप मॉडेल'ला एअरबॅग आणि खालच्या पायरीवरच्या 'बेस मॉडेल'ला नशीब. एकाच कारखान्यात, एकाच पट्ट्यावर जोडलेल्या दोन गाड्या, पण एकीतल्या माणसाच्या जिवाची किंमत वेगळी आणि दुसरीतल्याची वेगळी. पायऱ्यांची ही रचना आपल्याला नवी नाही. ती मोडली कुणी? कंपनीच्या दयेने नाही, कायद्याने मोडली. सगळ्या मोटारींना अँटी-लॉक ब्रेक एप्रिल २०१९ पासून सक्तीचे झाले. चालकासाठी एअरबॅग १ जुलै २०१९ पासून आणि शेजारच्या प्रवाशासाठी २०२१ च्या अखेरीपर्यंत सक्तीची झाली. त्या दिवसापासून बेस आणि टॉप हा भेद निदान तेवढ्यापुरता संपला. हक्क कायद्यात लिहिला गेला की तो सगळ्यांना मिळतो आणि बाजारावर सोडला की ज्याच्या खिशात पैसा त्यालाच मिळतो. संविधान मानणाऱ्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. पण सहा एअरबॅगच्या सक्तीचा मसुदा २०२२ च्या जानेवारीत निघाला, मग पुढे ढकलला गेला आणि २०२३ मध्ये ती सक्ती करणार नाही, असे केंद्रीय मंत्र्यांनी जाहीर केले. भारत एनकॅप ही आपली स्वतःची ताऱ्यांची परीक्षा १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. तीही ऐच्छिकच ठेवली गेली. ज्याला पास होण्याची खात्री, त्याने परीक्षेला बसावे. नापास होणाऱ्याने घरी राहावे.

आणि हे सगळे झाले गाडीच्या आत बसलेल्या माणसाचे. बाहेरच्याचे काय?

सरकारच्याच अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली. त्यांत दुचाकीवरचे शेकडा ४४.५ आणि पायी चालणारे शेकडा १९.५. म्हणजे मरणाऱ्या दर तिघांपैकी जवळपास दोघे दुचाकीस्वार किंवा पादचारी होते. मोटारीत बसून मेलेले साधारण आठातले एक. यातला प्रत्येक मृत्यू एसयूव्हीखाली झाला, असे आम्ही म्हणत नाही. ट्रक, बस, खड्डे, अंधार ही कारणे आहेतच. पण ज्या देशात मरणारा बहुतांश गाडीबाहेरचा आहे, त्या देशात तारे मात्र आतल्याच्या संरक्षणावर मोजले जातात, हे उफराटे आहे. भारत एनकॅपमध्ये वरचे तारे मिळवायला पादचाऱ्यांबाबत एक किमान अट घातली, पण तिला गुण ठेवले नाहीत. ग्राहकाला दिसतात ते आतल्यांचे तारे.

गाडीची उंची ही नुसती हौस नसते. बुटकी मोटार माणसाच्या पायाला धडकते आणि माणूस बॉनेटवर पडतो. उंच आणि सपाट तोंडाची गाडी कमरेला, छातीला धडकते, लहान मुलाच्या तर थेट डोक्याला. आणि माणूस बॉनेटवर न पडता चाकापुढे पडतो. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षेच्या विमा संस्थेने, आयआयएचएसने, २०२३ साली पादचाऱ्यांच्या सुमारे १८ हजार अपघातांचा अभ्यास मांडला. ज्यांचे बॉनेट ४० इंचांहून उंच, त्या गाड्यांच्या धडकेत पादचारी मरण्याची शक्यता ३० इंचांपर्यंतच्या उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा शेकडा ४५ ने जास्त निघाली. तिथल्या गाड्या आपल्याहून मोठ्या, हे खरे. पण तिथे फूटपाथ आहेत. आपल्याकडे शाळेतून घरी येणारे पोर डांबराच्या कडेनेच चालते.

उंचीत सत्ताही असते. १ मे २०१७ पासून पुढाऱ्यांच्या गाड्यांवरचा लाल दिवा गेला. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये काचांवरच्या काळ्या फिल्मला बंदी केली. २०१७ च्या डिसेंबरात केंद्राने पुढे लावायचे लोखंडी गार्ड बेकायदेशीर ठरवले, कारण ते समोरच्याचा जीव घेतात आणि एअरबॅगच्या कामातही अडथळा आणतात. पण गावच्या रस्त्यावर नजर टाका. दिवा गेला तरी रुबाब गेला नाही, तो गाडीच्या उंचीत जाऊन बसला. काळ्या काचा आणि गार्ड अजून फिरताना दिसतात आणि अडवायला हवालदाराचा हात वर होत नाही. या रुबाबाचे टोक देशाने ३ ऑक्टोबर २०२१ रोजी उत्तर प्रदेशात लखीमपूर खीरीला पाहिले. थारसह गाड्यांचा ताफा आंदोलनातून परतणाऱ्या शेतकऱ्यांच्या अंगावर गेला. चार शेतकरी आणि एक पत्रकार चिरडले गेले. दोष कुणाचा, हे न्यायालय ठरवील. पण रस्त्यावर पायी उभा असलेला माणूस आणि गाडीत बसलेला माणूस यांच्यातले अंतर किती वाढू शकते, ते त्या दिवशी दिसले.

वाहन आणि मान यांचे नाते आपल्याला बाबासाहेबांच्या आयुष्यातून ठाऊक आहे. ऑक्टोबर १९२९ मध्ये धुळ्याहून परतताना ते चाळीसगावला उतरले. अस्पृश्याचा टांगा हाकणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटले. टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मिळाला नाही. शेवटी सराव नसलेल्या आपल्याच एका माणसाने लगाम धरला. पुलावर टांग्याला अपघात झाला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. बॅरिस्टर असलेल्या माणसाचा मान नाकारला गेला आणि त्याबरोबर त्याची सुरक्षितताही गेली. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. ज्या समाजाला रस्त्यावर मान नाही, त्याचा जीवही रस्त्यावर स्वस्त असतो.

म्हणून आम्हाला नव्या गाडीत एक उणीव खटकते. तिच्यात जागा कमी झाली. जुनी सुमो दहांना घेऊन जायची. आजच्या एसयूव्हींत बहुतांश पाच जणांच्या, आणि बहुतेक वेळा चालवणारा एकटाच. यंत्र सुधारले, पण ते खासगी झाले. सुमोचे उत्पादन २०१९ च्या सुमारास थांबले. काळी-पिवळीत मात्र जुन्याच गाड्या, विसाव्या वर्षी, तिसऱ्या मालकाच्या हातात धावत आहेत. पाच ताऱ्यांचे संरक्षण एका माणसाला आणि शून्य ताऱ्यांचा बाक पंधरा माणसांना, ही आजची वाटणी आहे. सरकारची नजर कुणीकडे आहे, तेही पाहा. २०२५ च्या जानेवारीत एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून मोठ्या एसयूव्हीवरचा कर उपकरासह ५० टक्क्यांवरून ४० वर आला. महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे, हे चांगलेच आहे. पण गाडीच येत नसेल तर अर्ध्या तिकिटाने बाई बसणार कशात?

आणखी एक गोष्ट नजरेआड होते. जुनी गाडी फाट्यावरचा मिस्त्री पाना-हातोडा घेऊन खोलायचा. वस्तीतली कितीतरी पोरे अशा गॅरेजात हात काळे करून पोटाला लागली. नवी गाडी बिघडली की आधी संगणक जोडावा लागतो आणि तो बहुधा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात असतो. आयटीआयमध्ये हे नवे शिक्षण आणि त्याची साधने मिळाली नाहीत, तर मोटारीच्या धंद्यात आपल्या पोरांच्या वाट्याला गाडी धुण्याचे काम तेवढे उरेल.

आता थोडे घरातले. आपल्या काही पुढाऱ्यांनाही उंच गाडीचा मोह झाला आहे. सभेला ताफा किती गाड्यांचा आला, यावरून पुढाऱ्याचे वजन मोजण्याची सवय आपण प्रस्थापितांकडून उचलली. पुढाऱ्याने सुरक्षित गाडीत फिरू नये, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. रात्री-अपरात्री जिल्हे पालथे घालणाऱ्या माणसाला चांगली गाडी हवीच. आपल्या कष्टाच्या पैशाने कुणी कुटुंबासाठी पाच ताऱ्यांची गाडी घेतली, तर तो त्याचा हक्क आहे आणि आम्हाला त्याचा अभिमान आहे. प्रश्न एवढाच की नेता पाच ताऱ्यांत आणि त्याच्या सभेला येणारा कार्यकर्ता टेम्पोच्या हौद्यात, हे आपल्या चळवळीला शोभते काय?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. ताऱ्यांची परीक्षा प्रत्येक मॉडेलला सक्तीची करा आणि निकाल शोरूमच्या दारावर लावा. भारत एनकॅपच्या दुसऱ्या टप्प्याचा जो मसुदा २०२५ मध्ये मांडला गेला, त्यात पादचारी आणि दुचाकीस्वार यांच्या संरक्षणाला स्वतंत्र गुण देण्याचा प्रस्ताव आहे. कंपन्यांच्या दबावाखाली तो पातळ होऊ देऊ नका. शेअर वाहतुकीतल्या जुन्या गाड्या नुसत्या जप्त करू नका. मालक-चालकांना स्वस्त कर्ज देऊन त्या बदला. फाट्यापर्यंत एसटी आणि वस्तीपर्यंत फूटपाथ द्या.

आणि सरकारची वाट न पाहता आपल्याला करता येईल असेही काही आहे. येत्या ६ डिसेंबरला, १ जानेवारीला, १४ एप्रिलला गाडी ठरवाल, तेव्हा भाड्याच्या आधी तीन प्रश्न विचारा. जागा किती, पट्टे किती आणि चालक रात्री झोपला आहे काय? दहाच्या गाडीत दहाच बसवा. उरलेल्यांसाठी दुसरी गाडी करा, वर्गणी थोडी जास्त काढा. मंडळाने हा नियम केला तर तो मोडायची कुणाची हिंमत होणार नाही. अभिवादनाला निघालेला माणूस घरी परत आला पाहिजे.